पट्टेवाल्या मावशी

पट्टेवाल्या मावशींनी आयुष्यात कुणाच्या कमरेला टेप लावली नाही. पट्टा सैल करायला आलेला असो की घट्ट करायला आलेला, माणसाला त्या आधी अंगणात चालायला लावायच्या. नळापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून परत नळापर्यंत. स्वतः ओट्यावर पाय पसरून बसायच्या आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहायच्या. "उभ्या मानसाचं माप खोटं," म्हणायच्या. "उभा ऱ्हायला की जो तो पोट आत घेतो. चालाय लागला की मानूस खरा व्हतो."

माझी त्यांची ओळख या चालण्यातूनच झाली. ओतूरच्या शाळेत मी मराठी शिकवायला आले, त्याच वर्षी गॅदरिंगचं सगळं माझ्या गळ्यात पडलं. नव्या बाईच्या गळ्यात ते पडतंच. शाळेच्या पेटीत तलवारीचा एक जुना चामडी पट्टा होता, त्याचं बक्कल लोंबत होतं आणि शिवण उसवली होती. कुणीतरी मावशींचं घर दाखवलं. मावशींनी पट्टा उलटसुलट पाहिला आणि घालणारं पोरगं कुठाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते शाळेत आहे, पण उंची माझ्याएवढीच आहे. "मग तुमी घाला," मावशी म्हणाल्या.

साडीवरून तलवारीचा पट्टा बांधून मी त्या अंगणात चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला फाटकाबाहेरून माझ्याच वर्गातल्या दोन मुली सायकलवरून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा फळ्यावर 'सेनापती बाई' लिहिलेलं होतं. पट्टा मात्र असा बसला की युद्धाच्या प्रवेशात त्या मुलानं दोन कोलांट्या मारल्या तरी जागचा हलला नाही. सहा महिन्यांनी मी मावशींच्याच माडीवरची खोली भाड्यानं घेतली आणि पुढं नऊ वर्षं तिथंच राहिले.

'पट्टेवाल्या' या नावाची गंमत होती. खरे पट्टेवाले मावशींचे यजमान, अण्णा. ते जुन्नरच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते आणि पितळी बिल्ल्याचा रुंद पट्टा खांद्यावरून घालून साहेबाच्या दाराशी बसायचे. अण्णा अंगानं काडी. पट्टा खांद्यावरून सारखा घसरायचा आणि अण्णा एका हातानं पट्टा आणि दुसऱ्या हातानं दार धरायचे. दुरुस्तीला दिलेला पट्टा आठ दिवस मिळेना आणि साहेब रोज विचारी, तेव्हा मावशी स्वतः जाऊन तो परत घेऊन आल्या आणि घरीच शिवायला बसल्या. तरुणपणी त्यांनी ओतूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या शिवण्याचं काम केलेलं होतं. हातात दाभण आणि सुतळी आली की बोटं आपोआप चालायची. अण्णांचा पट्टा बसला, तो निवृत्त होईपर्यंत घसरला नाही. गल्लीतले लोक म्हणायचे, या घरात दोन पट्टेवाले आहेत, एक घालतो आणि एक शिवते.

तो पट्टा बघून कुणी तमाशाच्या फडातला माणूस आला, त्याच्या ओळखीनं नाटकवाले आले, मग शाळा, मग लेझीम आणि ढोलपथकं. तलवारीचे पट्टे, मनगटपट्टे, बाणांचे भाते, मोजड्या, घुंगरांच्या चाळांचे पट्टे, असं काय काय त्या ओट्यावर येऊन पडायचं. नवं काही त्या करायच्या नाहीत. नवं करायला दुकानं आहेत म्हणायच्या. जुनं उसवायचं, एरंडेल लावून मऊ करायचं, कमीजास्त करायचं आणि परत शिवायचं, एवढंच. जोडायला लागणारं चामडं त्या जुन्या पिशव्यांतून आणि बॅगांतून काढायच्या. एसटीच्या एका निवृत्त कंडक्टरनं आपली कातडी पिशवी त्यांना दिली होती. तिच्यातून तीन सरदारांचे मनगटपट्टे निघाले. ते कंडक्टर नाटकाला आले की शेजारच्याला सांगायचे, त्या सरदाराच्या हातावर माझी आळेफाटा-कल्याण गाडी आहे.

येडगावचे एक गृहस्थ गावच्या नाटकात दरवर्षी राजा व्हायचे. धरणात मासेमारी करायचे आणि वर्षातून एकदा राज्य करायचे. दर वर्षी पट्टा घेऊन यायचे आणि दर वर्षी सांगायचे की पेटीत पडून पडून पट्टा आटला. मावशी त्यांना चालायला लावायच्या, मग गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "पावणं, पट्टा न्हाई आटला. तुमचं राज्य वाढलंय." राजे स्वतःच मोठ्यानं हसायचे. गरज पडेल तेव्हा मावशी पाठीमागं, शेल्याखाली झाकला जाईल अशा जागी, चामड्याचा एक जोड घालायच्या. माझ्या काळात त्या पट्ट्याला चार जोड झाले आणि प्रत्येक जोडामागं आमच्या घरी मासळी आली. अण्णा मासळी साफ करताना म्हणायचे, राजा असाच वाढत राहो.

फडातल्या बाया चाळ घेऊन आल्या की मावशींचं वागणं बदलायचं. नारायणगावहून यायच्या त्या, दुपारच्या गाडीनं. मावशी त्यांना चालायला लावायच्या नाहीत. आधी पाटावर बसवायच्या आणि मिठाच्या कोमट पाण्याचं घमेलं पायांपुढं ठेवायच्या. चाळाच्या पट्ट्यानं घोटे सोलवटलेले असायचे. मावशी पट्ट्याला आतून जुन्या नऊवारीचं मऊ अस्तर लावून द्यायच्या. "घुंगरू वाजू दे," म्हणायच्या, "पाय कशाला रडाय पायजेल?" पाय पाण्यात सोडून बसलेल्या त्या बाया आणि मावशी तासतासभर बोलत. मुलांच्या शाळेचं, गुडघ्यांचं, टोमॅटोच्या भावाचं. टीव्हीवर पौराणिक मालिका चालू असली तर सगळ्या मिळून तिच्यातल्या योद्ध्यांच्या कपड्यांतल्या चुका काढत. एकदा ऐन युद्धात मावशींनी बोट दाखवलं होतं, की ह्या देवाचं बक्कल उलटं लावलंय, आता ह्यानं वर काढला हात की धोतर खाली. त्यानंतर ती मालिका मला कधीच भक्तिभावानं बघता आली नाही.

या हसत्याखेळत्या घरात एक गोष्ट मात्र लपवून ठेवलेली असायची, आणि ती माझ्या पलंगाखाली.

मावशींचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं निरगुडसर. तिथं त्यांचे वडील, आबा, धाकट्या मुलाकडं राहायचे. वय ऐंशीच्या आसपास, पण काठीशिवाय चालणारे आणि रोज पेपर वाचणारे. आबा लेकीकडं येणार असं कळलं की मावशी पट्टे, भाते, चाळ, चामडं कापायची रापी, दाभण सगळं दोन गोण्यांत भरायच्या आणि माझ्या खोलीत आणून ठेवायच्या. आबा मुक्कामाला असेपर्यंत माझ्या खोलीला एरंडेलाचा वास यायचा. पहिल्यांदा मी कारण विचारलं तेव्हा मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या, "आबांना चामडं चालत न्हाई." मला वाटलं सोवळंओवळं असेल. ते तसं नव्हतं, हे पुढं कळलं तेव्हा मला माझीच लाज वाटली.

आबा लहान होते तेव्हा गावातली मेलेली जनावरं ओढून न्यायची आणि त्यांची कातडी काढायची, हे काम त्यांच्या लोकांवर लादलेलं होतं. बोलावणं आलं की जायचं, विचारायची सोय नव्हती. बाबासाहेबांच्या मागं घरानं धम्म घेतला आणि आबांच्या वडिलांनी त्या कामाला हात लावायचा नाही असं ठरवलं. गावानं त्यांना शेतात कामाला घेणं बंद केलं. शेवटी ते घरदार सोडून, मुलाबाळांसह कालव्याच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायला गेले. बऱ्याच वर्षांनी गावात परतले ते स्वतःच्या पैशानं घेतलेल्या एकरभर जमिनीवर. आबांच्या पायांत मी कधी कातडी चप्पल पाहिली नाही. कापडी बूट घालायचे आणि ते रोज पुसायचे.

एका फेब्रुवारीत आबा न कळवता आले. निरगुडसरच्या घराचं बांधकाम काढलं होतं, म्हणून दोन महिने लेकीकडं राहावं असा विचार. पिशवी घेऊन फाटकातून आत आले तर ओट्यावर पाच पट्टे वाळत घातलेले, मावशींच्या मांडीवर अर्धा उसवलेला भाता आणि मी शेजारी चहा पीत बसलेली. मावशी उठायला गेल्या आणि मांडीवरची रापी खाली पडली.

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नळावर जाऊन त्यांनी हातपाय धुतले, मग म्हणाले, "ज्या कामातनं माझ्या बापानं आपल्याला भायेर काढलं, ते तू अंगनात आनून वाळत घातलंस."

मावशींनी पट्टे गोळा केले आणि गोणी माझ्या खोलीत आली. आबा राहिले, पण पडवीत. आत जेवायला येईनात. ताट बाहेर नेलं की निम्मं उष्टं ठेवायचे. अण्णा मध्ये पडायचा प्रयत्न करायचे, पण सासऱ्यापुढं त्यांचा आवाज फुटायचा नाही. चार दिवस घरात दाभणाला हात लागला नाही. ऐन जत्रांचे दिवस. लोक यायचे आणि मावशी त्यांना बरं वाटत नाही म्हणून परत पाठवायच्या. खोटं बोलायची सवय नसल्यामुळं सांगताना खाली बघायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी फाटकाशी जीप थांबली. शेजारच्या गावच्या यात्रा कमिटीतला एक माणूस उतरला. पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यातला, फोनवर बोलत बोलतच आत आलेला. गाठोडं त्यानं ओट्यावर टाकलं. आबा पडवीत पेपर वाचत होते आणि मी शाळेला निघाले होते. फोन कानालाच धरून तो मावशींना म्हणाला, "सहा पट्टे हायेत. उद्या नाटक हाय. संध्याकाळपत्तुर करून टाक, पोरगं येईल न्यायला."

मावशी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्हाई व्हनार."

त्याला ते आधी कळलंच नाही. फोन खाली घेऊन त्यानं विचारलं, की हे काम इथंच करतात ना. मावशींनी भाजीची परात बाजूला सरकवली आणि उठून उभ्या राहिल्या.

"हितंच करते. पन असं सांगितलेलं करत न्हाई. उचला ते गाठोडं."

तो आबांकडं बघू लागला. घरातला वडीलधारा माणूस लेकीला दटावेल असं त्याला वाटलं असावं. आबांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला होता. ते त्याच्याकडं बघत नव्हतेच. लेकीकडं बघत होते. माणसानं थोडा वेळ वाट पाहिली, वाकून स्वतःच्या हातानं गाठोडं उचललं आणि जीपमध्ये टाकलं.

माझी शाळेची वेळ टळून गेली होती, तरी मला जाववेना. जीप काही जागची हलली नाही. तो आत बसून फोनवर कुणाकुणाशी बोलत राहिला. पाव तासानं खाली उतरला, चपला ओट्याखाली काढल्या आणि गाठोडं हातातच धरून उभा राहिला. "मावशी, बोलन्यात चुकलं माझं," तो म्हणाला. "पोरांनी दोन म्हयने तालीम केलीय. बघा काय जमतंय का."

मावशींनी गाठोडं सोडून एकेक पट्टा पाहिला. तीन होतील, सहा होणार नाहीत, असं सांगितलं. उरलेले तीन पोरांनी तात्पुरते कसे बांधायचे तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "बसा. च्या घ्या."

तो चहा पिऊन गेल्यावर आबांनी मांडीवरचा पेपर खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "अन तो तसाच गेला असता तर?"

"गेला असता," मावशी म्हणाल्या. मग त्या पडवीत वडिलांच्या पुढ्यात जाऊन बसल्या. "आबा, चामडं वाईट नव्हतं. तुमच्या बापाला न्हाई म्हनता येत नव्हतं, ते वाईट व्हतं. मला येतं. त्यांनी गाव सोडलं म्हनून येतं."

आबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. त्या दिवशी दुपारी ते आत येऊन जेवले आणि दुसऱ्यांदा कालवण मागितलं. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी आपल्याच ताटातली भाकरी आबांना वाढली.

आबांनी चामड्याला मात्र शेवटपर्यंत हात लावला नाही. पण काही दिवसांनी मी शाळेतून आले तर ते ओट्यावर मावशींच्या शेजारी बसलेले, हातात मेणाचा गोळा आणि सुताचा दोरा. मेणातून दोरा ओढून गुळगुळीत करून देत होते. मी बघतेय असं दिसल्यावर म्हणाले, "बाई, हे सूत हाय. सुताला काय हरकत न्हाई." पुढं निरगुडसरचं घर बांधून झालं तरी आबा दर जत्रेच्या हंगामात ओतूरला यायचे. दोरा त्यांच्याच हातचा लागायचा. दोऱ्यात गाठ आली तर मावशी बापाला रागावायच्या आणि आबा तो गुपचूप परत ओढायचे. आबा गेले तेव्हा त्यांनी ओढून ठेवलेली दोऱ्याची दोन रिळं शिल्लक होती. मावशींनी ती बाजूला काढून ठेवली नाहीत. वापरून संपवली.

जीपवाला येऊन गेला त्या दिवशी मी मावशींना विचारलं होतं, की त्या माणसाला नाही म्हणताना भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, वाटली ना, पाय लटपटत होते, म्हणून तर उठून उभी राहिले. बसून लटपटले तर दिसतात, लुगड्यात उभं राहिलं की दिसत नाहीत.

मावशींना जाऊन आता दीड वर्ष होईल. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. अण्णांचा फोन आला तेव्हा मी मंचरला बदलून आले होते. मावशींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले तर पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. येडगावचे राजे आले होते, फडातल्या बाया आल्या होत्या, जीपवाला गृहस्थही मागं भिंतीला टेकून उभा होता. पण मावशी म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. आठवतं ते माझं ओतूरमधलं शेवटचं गॅदरिंग.

त्या वर्षी मावशींचा उजवा अंगठा दुखायला लागला होता. डॉक्टरांनी दाभण धरायचं बंद करायला सांगितलं आणि मावशींनी कुरकुर न करता ते ऐकलं. फक्त माझ्या नाटकाचं एक काम उरलं होतं. मी लिहिलेलं छोटंसं नाटक होतं. म्हातारा जासूद आजारी पडतो आणि त्याची मुलगी बापाचा वेश घालून किल्ल्यावरचा निरोप घेऊन जाते. निरोप असतो तो एका आईला, तिचा मुलगा लढाईत मारला गेल्याचा. जासुदाचा मोठ्या माणसाचा पट्टा आणि पत्राची थैली नववीतल्या एका सडपातळ मुलीच्या मापाची करायची होती. मी नको म्हणत होते. मावशींनी ऐकलं नाही. अंगठ्याला फडकं गुंडाळून चार दिवस थोडं थोडं शिवत राहिल्या. थैलीची शिवण त्यांनी दोनदा उसवली, कारण मुलगी पळताना थैली मांडीवर आपटत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मावशींनी आपण शिवलेली एकही वस्तू रंगमंचावर पाहिलेली नाही. हंगामात त्या कामात बुडालेल्या असत आणि हंगाम संपला की बघायला काही नसे. मी हट्टानं त्यांना शाळेत नेलं. दुपारची वेळ होती. मंडपात पालकांची गर्दी होती. पहिल्या रांगेत मुख्याध्यापकांच्या शेजारी मी मावशींना आणि अण्णांना बसवलं. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या.

ती मुलगी त्या दिवशी फार सुरेख बोलली. आईपुढं उभी राहून तिनं थैलीतून पत्र काढलं आणि 'आई, मी वाचत नाही, तुम्हीच वाचा' म्हणताना तिला खरंच रडू फुटलं. मी विंगेतून पहिल्या रांगेकडं पाहिलं. मावशींनी पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते.

पडदा पडल्यावर मी धावत त्यांच्यापाशी गेले. मला फार उत्सुकता होती. विचारलं, "मावशी, पट्टा कसा दिसला?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "कंचा पट्टा?"

मग एकदम ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई. बघायचाच ऱ्हायला की," म्हणाल्या आणि ओले डोळे पुसत खुदखुदून हसायला लागल्या. अण्णाही हसायला लागले, कारण त्यांनीही पाहिला नव्हता. मी म्हटलं, थांबा, त्या मुलीला पट्ट्यासकट बोलावते.

"ऱ्हाऊ द्या पट्टा," मावशी उठत म्हणाल्या. "आधी तिला कायतरी खायला द्या. लई रडली पोर."